पान उलटायला जागा

“बाहेरून कडी लाव. आणि पाच वाजायच्या आत मी कितीही ठोठावलं तरी उघडू नकोस.”

चार महिने रोज फक्त “गुड मॉर्निंग, बाय” म्हणणारा माणूस बकरी ईदच्या सुट्टीत सकाळी साडेआठला मला हे सांगत होता. त्यांच्या एका हातात डबा होता आणि दुसऱ्या हातात रबरबँडने बांधलेल्या पेन्सिली. फोन त्यांनी आधीच माझ्या टेबलावर उपडा ठेवला होता.

“काका, मी माणसाला कोंडणार नाही,” मी म्हटलं. “आमच्या घरात कोंडलेल्यांना सोडवायची पत्रकं निघतात.”

“मग घरी कळव की हा स्वतःच्या पायाने आत गेला,” असं म्हणून ते आत शिरले आणि दार लोटून घेतलं. मिनिटभराने आतून आवाज आला, “लावलीस?”

मी लावली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी बंदिस्त केलं आणि पाच वाजेपर्यंत अपराध्यासारखी त्या दाराकडे बघत बसले. मधे दोनदा पाणी हवं का विचारलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, “परीक्षार्थीशी बोलू नये.”

दुबईत अल क्वोजमधली आमची कंपनी वाद्यं आणि वाद्यांबरोबरचं सगळं भाड्याने देते. पियानो, नोटेशन ठेवायचे स्टँड, वादकांच्या खुर्च्या, चेलोच्या शवपेटीसारख्या पेट्या. हॉटेलं, शाळा, लग्नं असं आमचं गिऱ्हाईक. मी बुकिंग बघायचे. लोखंडी जिन्याने वर गेलं की एक छोटी खोली होती, तिला सगळे पेपर रूम म्हणायचे. तिथे काका बसायचे. त्यांचं काम वादकांच्या हातात पडणारे कागद तयार करण्याचं. मूळ रचनेतून प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा काढायचा, गायिकेला सूर उंच पडत असेल तर अख्खं गाणं खाली उतरवून लिहायचं, शाळेच्या पोरांसाठी अवघड जागा सोप्या करायच्या. पूर्वी बोरूने, आता कॉम्प्युटरवर. मल्लू मॅनेजरपासून फिलिपिनो टेक्निशियनपर्यंत सगळे त्यांना अंकल म्हणायचे. मी काका म्हणायचे. ते मला ‘बाय’ म्हणायचे, आणि चिडवायचं असलं की ‘पुढारीणबाई’.

चिडवायला कारण होतं. मी इचलकरंजीची. आई-वडील दोघंही यंत्रमाग कामगारांच्या युनियनमधले. आमच्या घरात दोरीवर कपड्यांऐवजी ओली पत्रकं वाळत असायची. अक्षरओळख मला पाठ्यपुस्तकाच्या आधी ‘जाहीर निषेध’ या दोन शब्दांपासून झाली. त्यामुळे कंपनीत रुजू झाल्यापासून पहिल्या चार महिन्यांत मी दोन अर्ज लिहिले होते, एक लोडिंगवाल्यांच्या पाण्याच्या कूलरसाठी आणि दुसरा पेपर रूमच्या एसीसाठी. दुसऱ्या अर्जामुळे वरती नवा एसी बसला. मला वाटतं, कडी लावायचा मान मला मिळाला तो त्याच्यामुळेच. त्याआधी हे काम इब्राहीमभाईंचं होतं. ते आमचे ड्रायव्हर, श्रीवर्धनचे. पण ईद त्यांची. नमाज उरकून ते धावतपळत अल क्वोजला यायचे, याचा काकांना संकोच वाटायचा.

पाच वाजता मी कडी काढली. काका बाहेर आले, डोळे चोळले, आणि केळीच्या सुक्या पानात बांधलेली एक पुडी माझ्यापुढे उघडली. आत सुकेळी होती. वसईची, उन्हात वाळवलेली, मधासारखी काळपट.

“घे. पहारेकऱ्याचा मान असतो.”

“आधी सांगा, ही परीक्षा कसली?”

मग त्यांनी सांगितलं. वसईच्या त्यांच्या गावात, चर्चच्या गायकवृंदाला शिकवायला एक म्हातारे फ्रेंच फादर होते. धर्मगुरू होण्याआधी, तरुणपणी, त्या फादरांनी आपल्या देशातल्या एका सरकारी परीक्षेला बसून पाहिलं होतं. तिशीच्या आतल्या संगीतकारांसाठी ती परीक्षा. उमेदवाराला खोलीत कोंडायचे. वाद्य नाही, कुणाशी बोलणं नाही, बाहेरून ताट आत सरकवायचं. डोक्यात जे ऐकू येईल ते कागदावर उतरवायचं. जो पहिला येईल त्याला सरकार रोमला पाठवायचं. तिथे टेकडीवर सरकारचाच महाल, बागबगीचा, राहणं-खाणं फुकट. काही वर्षं फक्त संगीत लिहायचं. अट एकच. दर वर्षी एक रचना घरी पाठवायची, म्हणजे सरकारला कळतं की पोरगं नुसतं ऊन खात बसलेलं नाही.

“राजे गेले, बादशहा गेले, प्रजेचं राज्य आलं,” काका बोटं मोजत म्हणाले, “पण बक्षीस चालूच.”

“आणि आता?”

“बंद. विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते तिकडे, त्या गडबडीत बंद झालं. मी तेव्हा दुडदुडत होतो.”

“बरोबर केलं विद्यार्थ्यांनी!” माझ्या तोंडून निघून गेलं. “सरकार ज्याला पोसतं तो सरकारची आरती करतो.”

त्यांनी पुडी हळूच आपल्याकडे ओढून घेतली. “आरतीला पण चाल कुणीतरी लावावीच लागते, पुढारीणबाई.”

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील, जी बंद पडलेल्या गिरणीच्या भोंग्याच्या वेळी अजून उठतात. मला काका आधी त्यातलेच वाटले. पण तसं नव्हतं. काकांना भूतकाळाचं वेड नव्हतं, त्यांना नियमाचं वेड होतं. फादरांनी सांगितलेले नियम त्यांनी एका वहीत मराठीत उतरवून ठेवले होते आणि दर ईदला, चार दिवस, ते त्या नियमांनी परीक्षेला बसायचे. खऱ्या परीक्षेत गायक आणि अख्खा वाद्यवृंद लागतो. काका चार तंतुवाद्यांवर भागवायचे. चौथ्या दिवशी रचना लिफाफ्यात घालून तो डकवायचा. आठ दिवसांनी, एका शुक्रवारी, इस्त्रीचा शर्ट घालून परीक्षक म्हणून तोच लिफाफा उघडायचा, वाचायचा आणि वर निकाल लिहायचा.

पेपर रूमच्या कपाटात असे एकोणीस लिफाफे होते. प्रत्येकावर लाल पेन्सिलीने एकच शब्द होता. ‘दुसरं.’

“पहिलं एकदाही नाही?”

“नियम आहे. योग्य कुणी नसला तर पहिलं रिकामं ठेवता येतं.”

“पण उमेदवार तुम्ही एकटेच!”

“तेच तर.” ते पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर तपासत राहिले. “आपणच आपल्याला पहिलं कसं द्यायचं? लाज वाटते. दुसऱ्या कुणी तरी एकदा सांगावं, बाय. नापास म्हणालं तरी चालेल. पण दुसऱ्या कुणी.”

मी म्हटलं, खाली रोज दहा वादक येतात, द्या की कुणाला. त्यावर त्यांनी असा चेहरा केला की जणू मी त्यांना हॉटेलच्या लॉबीत हात पसरायला सांगितलं.

“मी त्यांचा कागदवाला. कागदवाल्याने कागद द्यायचा.”

हा कागद म्हणजे काय चीज होती ते मला त्यांच्याबरोबर बसूनच कळलं. कार्यक्रमाच्या छापील पत्रिकेत त्यांचं नाव घालावं म्हणून मी एकदा मॅनेजरशी भांडले. काकांनी मला वर बोलावलं आणि म्हणाले, “आमचं नाव फक्त चूक झाली की विचारतात. मला वीस वर्षांत कुणी विचारलेलं नाही. आता तू बिघडवू नकोस.”

मग त्यांनी एक पान पुढे ओढलं. “हे बघ. इथे पान संपतं. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात वाद्यावर. मग पान कोण उलटणार? त्याची आई? म्हणून उजव्या पानाच्या तळाशी त्याला विसावा आला पाहिजे. तो गप्प असेल अशा जागीच पान संपवायचं. कधी ओळी दाटीवाटीने बसवायच्या, कधी सैल सोडायच्या. पण हात मोकळा झाल्याशिवाय पान संपवायचं नाही.”

“कॉम्प्युटर करत नाही हे?”

“कॉम्प्युटरला कुठे हात आहेत?”

हल्ली बरेच वादक टॅब्लेट वापरतात, पायाने बटण दाबून पान बदलतात. काका ते पाहून मान फिरवायचे. “पायाने पान उलटतात,” असं ते इब्राहीमभाईंना सांगायचे, आणि इब्राहीमभाई “तौबा” म्हणायचे. मग दोघंही हसायचे.

आता माझ्या अपराधाची गोष्ट.

त्या वर्षी एका मोठ्या हॉटेलच्या लॉबीत चार बायकांचं एक पथक वाजवायचं. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. व्हायोला म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठं, जरा खालच्या आवाजात बोलणारं वाद्य. ते वाजवणारी बाई आर्मेनियाची होती. उंच, सरळ पाठीची आणि कधी न हसणारी. स्टँडचा एखादा स्क्रू ढिला असला तरी ती मला तीन ओळींचा ईमेल पाठवायची. मला वाटलं, परीक्षक असावा तर असा.

मार्चमध्ये त्या चौघी दुरुस्तीला दिलेले बो, म्हणजे वाद्यांचे गज, न्यायला येणार होत्या. त्याच्या आदल्या दिवशी काका जबल अलीच्या एका शाळेत कागद द्यायला गेले असताना मी कपाट उघडलं आणि सर्वांत अलीकडचा लिफाफा फोडला. मनात जराही शंका नव्हती. माणसाला वीस वर्षं स्वतःच्याच कोर्टात उभं राहावं लागणं हा अन्याय आहे, आणि अन्याय दिसला की परवानगी मागत बसायचं नाही, हे मी दोरीवरच्या पत्रकांवर वाचत मोठी झालेली.

आत चार वाद्यांच्या चार वेगळ्या पुस्तिका होत्या, मोठ्या कागदावर. मी त्यांच्या कॉप्या काढल्या. मोठ्या नव्हे. मशीनवर लहान करून, साध्या कागदावर, दोन्ही बाजूंनी, आणि कोपऱ्यात स्टेपल मारून. कोरी बाजू वाया घालवणं म्हणजे आमच्या घरी गुन्हा होता. चार पुस्तिका किती आटोपशीर झाल्या म्हणून मी स्वतःवर खूशही झाले.

दुसऱ्या दिवशी काका वर पेपर रूममध्ये होते. खाली, रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, मी चौघींना विनंती केली. “दहाच मिनिटं. आमच्या इथल्या एका माणसाचं आहे.” त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. व्हायोलावालीने घड्याळ पाहिलं. मग बसल्या.

सुरुवात झाली, आणि मला खरंच सांगता येणार नाही ते काय होतं. मला संगीतातलं कळत नाही. पहाटे कुणीतरी शेजारच्या घरात हळूहळू भांडी लावतंय, आपल्याला उठवायचं नाही म्हणून जपून, असं काहीतरी. अर्ध्या मिनिटात सगळं थांबलं. शेजारी-शेजारी उघडायची पानं मी पाठपोट केल्यामुळे पहिल्या व्हायोलिनचं पान भर धावत्या ओळीत संपलं होतं. तिने पान उलटलं, पुन्हा सुरू केलं. मग चेलो थांबला. मग दोघी एकदम. स्टेपल ओढली गेली, एक कागद गळून खुर्चीखाली गेला. काकांच्या संगीताला माझ्या हातून उचक्या लागल्या होत्या.

लोखंडी जिना वाजला. काका खाली येत होते, सावकाश, कठड्याला धरून. मी मनात भाषण तयार करू लागले. ते माझ्याकडे न बघता पहिल्या व्हायोलिनच्या स्टँडपाशी गेले आणि पुस्तिका उचलून पाहिली.

“पानं कुणी लावली?”

“मी,” मी म्हटलं. “काका, कागद वाचावा म्हणून…”

“बाय,” ते हळू म्हणाले, “हे पत्रक नाही.”

बस्स, एवढंच. लिफाफा का फोडला, कपाट का उघडलं, काही नाही. त्यांनी कात्री मागवली, चिकटपट्टी मागवली. फरशीवर मांडी घातली आणि चारही पुस्तिका फाडून पुन्हा लावायला बसले. पाठपोट छापलेल्या पानांसाठी मला पुन्हा वर मशीनकडे पळवलं, या वेळी एकाच बाजूने. चौघी उभ्या राहून बघत होत्या. त्यांची हॉटेलची गाडी दोनदा हॉर्न देऊन गेली. इब्राहीमभाई बाहेर जाऊन त्या ड्रायव्हरला “यल्ला हबीबी, पाच मिनट, चाय पियो” करत बसले. पाचाची पंचवीस झाली. व्हायोलावाली शेवटी वाकली आणि पट्टीचं टोक धरून ठेवू लागली.

मग त्यांनी सबंध वाजवलं. न थांबता. पान संपलं की हात मोकळा होताच. मी पाहत होते, खरंच प्रत्येक वेळी मोकळा होता. काका आमच्याकडे पाठ करून, शटरकडे तोंड करून उभे होते, हातात चिकटपट्टीचं बंडल घेऊन.

संपल्यावर चेलोवाली म्हणाली, “ब्युटिफुल.” काकांनी मान हलवली, जसं एखादा चुकीच्या पत्त्यावर आलेलं पत्र परत करतो. ते व्हायोलावालीकडे वळले आणि इंग्रजीत, शाळेतल्या पोरासारखे सरळ उभे राहून विचारलं, “फर्स्ट ऑर सेकंड?”

तिला काय कळलं देवाला माहीत, पण तिने प्रश्न हसण्यावारी नेला नाही. पानं पुन्हा चाळली. मग म्हणाली, “सेकंड. व्हायोला इज ओन्ली वेटिंग. सगळे बोलतात, मी नुसती त्यांच्यासाठी जागा करून देते. यू आर टू पोलाइट.”

ती चौकडी गेल्यावर मला रडू आवरेना. तुमचा अपमान केला तिने, मी म्हटलं. काकांचा चेहरा असा उजळला होता की इब्राहीमभाईंनी विचारलं, “काय, लॉटरी लागली काय?”

“दुसरं आलं,” काका म्हणाले. “तिने दिलं.”

दिवसभर ते तेच सांगत राहिले. टेक्निशियनला, सिक्युरिटीला. आणि संध्याकाळी निघताना मला म्हणाले, “व्हायोला नुसती वाट बघतेय. खरं आहे गं. मी वीस वर्षं तेच लिहितोय.”

त्याच उन्हाळ्यात त्यांचा व्हिसा संपत होता. साठी झाली, कंपनीने रिन्यू केला नाही. मी तिसरा अर्ज लिहिला, त्याचा उपयोग झाला नाही. काकांचं लग्न झालेलं नव्हतं. वसईत धाकट्या बहिणीचं घर, केळीची वाडी आणि वरच्या मजल्यावर एक खोली, एवढं त्यांचं होतं. पेन्सिली छिलताना त्यांचा हात मधेच थांबायचा. “तिथे जाऊन काय करणार?” असं सगळे विचारायचे आणि ते “केळी मोजणार” म्हणायचे.

शेवटची ईद आली. चार दिवस मी कडी लावली. या वेळी घाबरले नाही, दारापाशी खुर्ची टाकून बसले. आतून खोडरबराचा आवाज यायचा, तोही फार वेळ. चौथ्या दिवशी पाच वाजता ते बाहेर आले आणि लिफाफा कपाटात न ठेवता माझ्या हातात दिला.

“आठ दिवस नाहीत माझ्याकडे. परवा विमान आहे. निकाल तू दे.”

“काका, मला वाचता येत नाही. ती आर्मेनियाची बाई…”

“सुट्टीवर गेली. सप्टेंबरला येणार. परीक्षक हजर नसला तर सरकार निर्णय देतं, असं लिहिलंय मी वहीत.” त्यांनी ते आत्ताच रचलं होतं हे आम्हां दोघांनाही कळत होतं.

मी लिफाफा उघडला आणि पानं चाळली. टिंबं, शेपट्या, ओळी. मला एकच गोष्ट वाचता येत होती. मी प्रत्येक उजव्या पानाचा तळ पाहत गेले. पहिल्या व्हायोलिनला विसावा होता, दुसऱ्याला होता, चेलोला होता. व्हायोलाच्या पुस्तिकेत मात्र त्याच जागी पान काळं झालं होतं. तिघी पान उलटत असताना ती वाजवणार होती, एकटी. तिला तिचा विसावा नंतर ठेवला होता.

मी लाल पेन्सिल मागितली आणि लिफाफ्यावर लिहिलं, ‘पहिलं.’

त्यांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. “पहिलं आलं तर जावं लागतं,” मी म्हटलं. “नियम आहे. महाल, बागबगीचा. दर वर्षी एक रचना पाठवायची. मी ती वाजवून घेईन आणि खरा निकाल कळवीन. तिचा. खोटं कौतुक नाही.”

“आणि सरकार कोण?”

“मी.”

मग ते हसले, खांदे हलवून, आवाज न करता. “अरे देवा. पुढारीणबाईच सरकार झाल्या!”

दोन दिवसांनी इब्राहीमभाईंच्या गाडीतून आम्ही त्यांना एअरपोर्टला सोडलं. सगळ्यांना त्यांनी एकच सांगितलं. परत जातोय असं नव्हे, तर “मला बाहेर पाठवलंय, तीन वर्षांसाठी.”

पहिल्या वर्षी इब्राहीमभाईंचा भाचा सुट्टीवरून येताना पुडकं घेऊन आला. सुकेळी आणि लिफाफा. वर लिहिलं होतं, ‘माननीय सरकार यांस’. आत चिठ्ठी होती. ‘महाल बरा आहे. बागेत केळी आहेत. राजाची एक म्हैस रोज दुपारी खिडकीखाली येऊन बसते, तिचा सूर नोंदवून घेतला आहे.’ व्हायोलावाली आता इथल्याच एका शाळेत शिकवू लागली होती. तिने आणखी तिघांना जमवलं. दर वेळी त्याच खुर्च्यांच्या मधे. वाजवून झालं की ती निकाल माझ्या फोनवर बोलून द्यायची आणि मी तो जसाच्या तसा वसईला पाठवायचे. पहिल्या वर्षी ती म्हणाली, मधला भाग लांबला आहे. दुसऱ्या वर्षी म्हणाली, चेलो आता फार बडबड करतो. काकांचा परत फोन यायचा. “बडबड करतो म्हणाली? अगदी बरोबर. कमी करतो त्याला.” साठी ओलांडलेल्या माणसाचा तो आवाज ऐकायला हवा होता तुम्ही. पहिलीतल्या पोराला पाटीवर शेरा मिळावा तसा.

मी अजूनही म्हणते की बक्षिसं वाईट. सरकारने वाटलेली तर फारच. पण मी एक सरकार चालवलेलं आहे, आणि मला एवढं कळलं की माणसाला पोसण्यापेक्षा त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणं अवघड असतं. तेवढं सरकारने केलं तरी पुष्कळ.

तिसऱ्या वर्षी लिफाफा बहिणीकडून आला. फोन त्याआधी आला होता. सकाळी वाडीत पाणी लावायला उतरले, परत वर येऊन टेबलापाशी बसले, आणि तिथेच. टेबलावर जे होतं ते तिने गोळा करून पाठवलं. सुकेळीही पाठवली. ‘सरकार यांस’ हे तिने काकांच्या वहीत बघून लिहिलं होतं, चाचरत्या अक्षरात.

चार पुस्तिका. प्रत्येकीत दोनच पानं, डावं आणि उजवं.

आम्ही शुक्रवारी दुपारी जमलो. इब्राहीमभाई एक खुर्ची घेऊन शटरपाशी बसले. मी व्हायोलावालीला सांगितलं की हे पुरं नाही. तिने मान हलवली आणि बो उचलला.

मी आता थोडंफार वाचायला शिकले आहे. तिच्या मागे उभी राहून मी ओळीवर बोट न ठेवता डोळ्यांनी चालत होते. उजव्या पानाचा तळ आला. पहिलं व्हायोलिन थांबलं, पान उलटायला त्याचा हात उठला. मग दुसरं थांबलं, तोही हात उठला. मग चेलो. पुढे पानं नव्हती. तिघांचे हात तसेच स्टँडवर टेकून राहिले, मोकळे.

ती एकटी वाजवत राहिली. तिघांना वेळ मिळावा म्हणून काकांनी तिला दिलेली ती ओळ, कुणाची वाट न बघता, खालच्या आवाजात, सावकाश, अगदी तळापर्यंत. शेवटचा सूर आला तेव्हा तिने तो धरून ठेवला आणि मान किंचित वळवून माझ्याकडे पाहिलं. किती वेळ धरू, असं विचारत होती.

सरकार मी होते. थांबायची खूण मी करायची होती. मी केली नाही.